विहीर एका दमावर

घर दाखवायची माणिकमामांची रीत वेगळी होती. आलेल्या बिऱ्हाडाला ते खोलीच्या उंबऱ्यात उभं करायचे, धोतराचा काचा घट्ट मारायचे, छातीभर श्वास घ्यायचे आणि ‘हुतूतूतूतू’ करत गल्लीतून सरळ विहिरीकडे धावत सुटायचे. वय साठीला आलेलं, अंगात बंडी, डोक्याला पटका. विहिरीच्या कठड्याला हात लावला की दम सोडायचे आणि तिथूनच सांगायचे, “एक दम. विहीर एका दमावर हाय. ऐकलं ना बराबर?”

बाकीचे घरमालक ‘हे काय, हाकेवर’ म्हणून अंतर सांगत आणि फसवत. मामा सगळं दमात मोजायचे. बाजार चार दम, आमच्या यांची शाळा तीन दम. मारुतीचं देऊळ अर्ध्या दमावर होतं, पण तिथं जाताना दम धरायचा नाही, नाव घ्यायचं, असा त्यांचा नियम होता. स्टेशन किती दमांवर, असं एकदा यांनी गमतीनं विचारलं. मामा म्हणाले, “मास्तर, जाणाऱ्याच्या वाटा मी मोजत न्हाई.”

ही जगभरची मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. यांची अंबडहून जालन्याच्या सरकारी शाळेत बदली झाली होती. घर बघायला निघताना काय काय विचारायचं ते मी मनात पक्कं केलं होतं. छप्पर गळतं का, मोरीचं पाणी कुठं जातं, उंदीर किती, शेजारी भांडखोर आहे का. मामा पळायला लागले आणि मी सगळं विसरले. ते धापा टाकत परत येईपर्यंत हे माझ्या कानाशी म्हणाले, “दुसरीकडं बघू या का?” मी म्हटलं, पाण्याबद्दल खोटं सांगायचं असतं तर माणूस जागेवरून सांगतो, इतका पळत नाही. आम्ही खोली घेतली.

हौदाची गल्ली जुन्या जालन्यात, कुंडलिका नदीच्या अलीकडच्या अंगाला. मामांच्या खोल्यांची एक ओळ, ओळीच्या शेवटी कोपऱ्याची मोठी खोली आणि तिच्यापुढं मोकळं पटांगण. त्या पटांगणात रोज संध्याकाळी हुतूतू चालायचं. मामा तरुणपणी खेळायचे, खांदा निखळल्यावर खेळणं सुटलं. कुंभार पिंपळगावची जमीन भावाकडं सोडून त्यांनी या खोल्या बांधल्या. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. दोन गोष्टी उरल्या, खोल्या आणि खेळ, आणि मामांच्या डोक्यात त्या दोन्ही एकच होत्या.

“भित्ती काय चाटायच्यात?” ते भाडेकरूला म्हणायचे. “शेजारी कोन ते बघा.”

शेजारी म्हणजे किसन. कोपऱ्याच्या खोलीत राहणारा, पिंपळगाव रेणुकाई या वेगळ्याच गावचा, पंचविशीतला, अंगानं लवचीक आणि बोलायला लाजरा. कापसाच्या गाडीबरोबर तो जालन्याला आला आणि अडतीत हमाली करू लागला. पाठीवर बोंदरी, म्हणजे कापसाचं मोठं गाठोडं, घेऊन तो अभंगाची ओळ म्हणत चालला होता आणि ओळ न तोडता, एका दमात, त्यानं ती गाडीपासून वखारीपर्यंत नेली, हे मामांनी पाहिलं. त्याच दिवशी त्याची वळकटी कोपऱ्याच्या खोलीत आली.

आता इथं आमच्याकडची एक चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नदीकाठी गल्लोगल्लीच्या संघांचे सामने व्हायचे. ज्या गल्लीत गड्याची चूल, त्या गल्लीकडूनच तो खेळणार, असा जुना कायदा होता. गाव कुठलं, जात कुठली, काम कुठं करतो, याला किंमत नव्हती. सामन्याच्या आदल्या सकाळी पंच घरोघर फिरत आणि चुलीतल्या राखेत हात घालून बघत. राख ऊन असली तर गडी तिथला. एकदा एका गल्लीनं अंबडहून गडी आणून त्याच्या आदल्या रात्री खोलीत बसवला आणि चूलही पेटवून ठेवली. पंचांनी त्याला फक्त विचारलं, मीठ कुठं ठेवलंय? तो गडी परत अंबडला गेला.

म्हणजे गड्याला संघ बदलायचा तर घर बदलावं लागे. त्यामुळं संक्रांत जवळ आली की जालन्यात चांगल्या खोल्यांचा किराया चढायचा, आणि खोलीचा सौदा म्हणजे गड्याचा सौदा व्हायचा. मामा हे शास्त्र तुम्हाला पहिल्या भेटीतच समजावून सांगणार. किसन आला तेव्हा गल्लीतल्या निम्म्या खोल्यांना कुलूप होतं. दोन संक्रांती जिंकल्या आणि एकही रिकामी राहिली नाही. खेळ बघायला माणसं येत, म्हणून भजीवाला आला. माणसं आली म्हणून गफूरभाई शिंपी आपलं यंत्र घेऊन आले. खेड्यातले लोक शिकणाऱ्या पोरांना इथंच ठेवू लागले. मी हिशेबानं चालणारी बाई, मला वाटायचं की हे विहिरीमुळं असेल, नाहीतर शाळेमुळं. मामांना तसं म्हटलं तर ते माझ्याकडं दयेनं बघायचे.

किसनचं जेवण मामांकडंच असायचं, म्हणजे मामा त्याच्या खोलीत जाऊन स्वयंपाक करायचे. चूल किसनच्याच खोलीत पेटली पाहिजे, कायदा होता ना. लाकडं किसननं फोडायची, भाकरी मामांनी थापायच्या. मामांची भाकर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटकी व्हायची. किसन ती खाली मान घालून खायचा. मामा त्याला जेवतानाही दम धरायला लावायचे. घास गिळला की थांब, श्वास घे, मग दुसरा. गफूरभाई म्हणायचे, “मामा, पहिलवान को खिला रहे या बच्चे को?”

मग किसन गेला.

नदीपलीकडं एक मोठी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, होती. तिथल्या शेठना खेळाची हौस लागली. त्यांनी कामगारांसाठी चाळ बांधली आणि किसनला निरोप धाडला, की यंत्रावर कायमचं काम, चाळीत नवी खोली, आणि खेळायचं चाळीकडून. किसनचं लग्न ठरत होतं. मुलीचा बाप हमालाला मुलगी द्यायला तयार नव्हता, यंत्रावरच्या माणसाला होता. किसननं चार दिवस काढले. पाचव्या दिवशी वळकटी घेऊन मामांच्या दारात उभा राहिला. मामाच म्हणाले, “जा. पान्याचं बघून घे तिथं. विहीर किती दमावर हाय ते मोज आधी.”

मामा आम्हाला म्हणाले, खेळाडू येतो-जातो, त्यात काय. आणि कोपऱ्याच्या खोलीला कुलूप लावलं.

त्यानंतर मामांचं शास्त्र असं खरं ठरू लागलं की माझ्यासारखीलाही मान्य करावं लागलं. संध्याकाळी पटांगण ओस पडलं. भजीवाला गाडा घेऊन पूल ओलांडून गेला. पलीकडं चाळीच्या आसपास म्हशीचे गोठेसुद्धा किरायानं जाऊ लागले, अशी बातमी आली. एक दिवस गफूरभाई यंत्र हमालाच्या डोक्यावर देऊन निघाले. मामा दारात बसले होते. गफूरभाईंचा पाय निघेना. “मामा, धंदा है,” ते म्हणाले. “लोगां उधर, तो सुई उधर.”

“बिलकुल,” मामा म्हणाले. “दोरा घ्यायला इसरू नका.”

मामांनी उरलेल्या खोल्यांचा किराया उतरवला, तरी कोणी फिरकेना. ते अजूनही ‘हुतूतू’ करत विहिरीपर्यंत पळायचे, पण आता दम मध्येच सुटायचा, आणि तिथं उभं राहून ते विहिरीकडं असं बघायचे जणू तीच मागं सरकलीय.

याच दिवसांत माझ्या सासूबाई अंबडहून कायमच्या आमच्याकडं आल्या. एका खोलीत आम्ही दोघं, दोन मुली आणि सासूबाई. मी सगळं मोजून पाहिलं. अंथरुणं एकमेकांना चिकटवून घातली तर मावत होती, पण सासूबाईंना रात्री उठायचं झालं तर वाट नव्हती. कोपऱ्याची खोली मिळाली तर प्रश्न मिटत होता. नाही मिळाली तर पूल ओलांडून पलीकडं जायचं आणि यांनी रोज शाळेला तिथून तंगडतोड करत यायचं. मी मामांकडं गेले. म्हटलं, कोपऱ्याची खोली आम्हाला द्या, तुमचाही किराया वाढेल.

“ती भरल्याली हाय,” मामा म्हणाले.

मी म्हटलं, कुलूप आहे.

“किसन जरा बाहेर गेलाय.”

मी घरी येऊन यांना सांगितलं की पुढच्या महिन्यात बिऱ्हाड हलवायचं. हे म्हणाले, थोडं थांबू या. थांबलो, आणि मग मला रोज सकाळी एक गोष्ट दिसायला लागली. कोपऱ्याच्या खोलीच्या कौलांतून धूर यायचा. कुलूप काढलेलं, दार आतून लोटलेलं. थोड्या वेळानं मामा बाहेर पडायचे आणि पुन्हा कुलूप.

गल्लीत याचा अर्थ लावायला कोणाला वेळ लागला नाही. मामा राख ऊन ठेवतायत. करीच्या आधी पंच येतील, राखेत हात घालतील, आणि किसन कायद्यानं आपला. वाण्याच्या दुकानात माणसं एकमेकांना टाळ्या देऊ लागली. उरलेले चार गडी पुन्हा पटांगणात उतरले. गफूरभाई कापड द्यायला आले होते, त्यांनी मान डोलावली. “बुड्ढा उस्ताद है,” ते म्हणाले. “शेठ का आदमी, मामा का चूल्हा.” मलासुद्धा वाटलं की युक्ती पक्की आहे. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. मामा कधी कोणाला डोळा मारत नव्हते. कोणी ‘काय मामा, धूर बराबर निघतोय’ म्हटलं तर हसतही नव्हते.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी पंच आले. म्होरके होते पेठेतले वयस्कर वैद्यबुवा. त्यांच्याबरोबर जिनिंगचे मुनीम, त्यांच्यामागं किसन, आणि त्याच्यामागं निम्मं जालना. ते आधी पलीकडं जाऊन आले होते. तिकडं घोटाळा झाला होता. किसनच्या नव्या खोलीतली चूल थंडगार, सारवलेली, एकदाही न पेटवलेली निघाली. लग्न माघात होतं, तोवर तो खानावळीत जेवत होता. मुनीम पुन्हा पुन्हा सांगत होते की खोली त्याचीच आहे, वळकटी तिथंच आहे. वैद्यबुवा म्हणत होते, “कायदा वळकटीचा न्हाई, चुलीचा हाय.”

मुनिमांचा चेहरा पाहून मला कळलं की हे नुसतं खेळाचं राहिलं नाही. शेठनी काम दिलं होतं ते खेळासाठी. किसन करीला हौदाच्या गल्लीकडून खेळला तर दुसऱ्या दिवशी यंत्रावर कोणी दुसरा असणार, आणि मुलीच्या बापाला ते कळायला एक दिवस पुरे. किसनलाही ते कळत होतं. तो जमिनीकडं बघत उभा होता.

वैद्यबुवांनी कोपऱ्याचं लोटलेलं दार उघडलं. आत चुलीपुढं मामा होते, तवा अजून तिच्यावर होता. त्यांनी राखेत हात घातला आणि झटकन मागं घेतला. नुसती ऊन राख नव्हती, निखारे होते. गल्लीतल्या गड्यांनी दम धरला. मी आमच्या दारातून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मीही धरला.

“माणिकराव,” वैद्यबुवा म्हणाले, “ही चूल कोनाची?”

मामांनी किसनकडं पाहिलं. एक शब्द पुरे होता. गडी परत येणार होता, भजीवाला, शिंपी, भाडेकरू, सगळे पुलावरून परत येणार होते.

“माझी,” मामा म्हणाले.

“म्हंजे?”

“मीच रोज इथं भाकर करून राह्यलो. तो गेल्यापून माझ्या खोलीत मला घास जाईना. इथं बसलं की जातो.” त्यांनी तवा उतरवून ठेवला. “यात खेळाचं काई न्हाई.”

गल्लीतून एक हुंकार निघाला, आशेचा दम सुटल्यासारखा. कोणीतरी म्हणालं, म्हातारं येडं झालं. वैद्यबुवांनी हाताची राख झटकली. मग म्हणाले, इथं चूल माणिकरावांची, तिथं चूल पेटलीच नाही. चुलीबिगर गडी कोणाकडूनच खेळणार नाही. आणि दुपारपर्यंत नावं द्यायची आहेत.

मुनिमांनी किसनकडं असं पाहिलं की मला त्याचं लग्न मोडलेलं दिसलं.

मामा वाकले. कोपऱ्यात पडलेलं एक खापर घेतलं, त्यात राखेचा थर घातला, त्यावर निखारे ठेवले. आमच्याकडं नवं बिऱ्हाड मांडताना शेजारचा विस्तव नेतात, तसं.

“तिकडची चूल पेटवायची राह्यली हाय, एवढंच ना,” ते म्हणाले. “चला मंग. इस्तू वाट बघत न्हाई.”

आणि चालू लागले. सगळे बघत राहिले. मी मात्र आत गेले, कारण मला एक स्वच्छ दिसलं. पुरुषांना विस्तव आठवतो, पुढचं आठवत नाही. त्या नव्या खोलीत पीठ नसणार, मीठ नसणार, तवा नसणार, आणि वैद्यबुवा मीठ कुठंय विचारणार. मी पाटीत पीठ घेतलं, मिठाची पुडी, काटवट, तवा, दोन गोवऱ्या आणि माचिस, कारण निखारे वाटेत विझले तर कोणाला तरी अक्कल असावी. पाटी डोक्यावर घेऊन मी गर्दीच्या मागून निघाले. हे मागून ‘अगं’ म्हणाले, ते मी ऐकलं नाही.

मामा पुलापर्यंत हुतूतू करत जातील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा दम त्या खापरातल्या निखाऱ्यांना लागत होता. दहा-बारा पावलं चालायचे, थांबायचे, ओठ पुढं करून फुंकर घालायचे, निखारे लाल झाले की पुन्हा चालायचे. पुलाच्या मध्यावर त्यांना खोकला आला. किसन पुढं झाला आणि खापर घ्यायला हात केला. मामांनी दिलं नाही. मग किसन त्यांच्या बाजूनं चालू लागला, आणि मामा थांबले की तो वाकून फुंकायचा. असे ते दोघं आळीपाळीनं फुंकत पलीकडं गेले. निम्मं जालना मागून चाललं होतं आणि कोणी चेष्टा करत नव्हतं.

माचिस लागली नाही. चूल पेटली. मी मीठ खिडकीच्या कोनाड्यात ठेवलं आणि किसनला हळूच दाखवलं. वैद्यबुवांनी विचारलंच. किसननं बरोबर सांगितलं. पहिली भाकर मामांनीच थापली, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटकी, आणि वैद्यबुवांना ती खावी लागली.

करीला आमची गल्ली हरली. किसननं आमचे चारही गडी एकटा लोळवले. मामा रेघेवर बसून प्रत्येक पकडीला मोठ्यानं ‘बराबर’ म्हणत होते आणि आमचे गडी त्यांच्याकडं रागानं बघत होते.

मला वाटलं होतं की आता गल्ली पुरती रिकामी होणार. झालं उलटं, आणि ते समजायला मला वेळ लागला. सामन्याला खेड्यापाड्यातून माणसं आली होती, त्यांनी मामांना खापर घेऊन पूल ओलांडताना पाहिलं होतं. माघ संपायच्या आत एक एक बाप आपल्या पोराला घेऊन गल्लीत येऊ लागला. कोणाचं पोरगं शाळेला, कोणाचं अडतीत. त्यांना संघ नको होता. त्यांना पोरगं त्या म्हाताऱ्याच्या नजरेखाली ठेवायचं होतं. किराया पहिल्याइतका चढला नाही, पण खोल्या भरल्या. गफूरभाईही पाडव्याला यंत्र घेऊन परत आले. म्हणाले, “उधर कपडा बहोत, बातां करनेकू कोई नहीं.”

मामांचं शास्त्र चुकलं असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, “कुठं चुकलं? मी काय म्हनत होतो? शेजारी कोन ते बघा.”

कोपऱ्याची खोली किसनचं लग्न झाल्यावर आम्हाला मिळाली. सासूबाईंना उठायला वाट झाली. मामांनी एकच अट घातली, तीही सांगितली नाही, नुसती पाळली. रोज सकाळी ते दारावरून जाताना विचारायचे, “पेटली का?” मी ‘हो’ म्हणायचे आणि त्यांच्यासाठी दुसरी भाकर तव्यावर टाकायचे. आमच्याकडं सुट्टी शुक्रवारची, जिनिंगलाही तीच असायची. त्या दिवशी मात्र ते थांबत नसत. धुतलेला पटका बांधून पुलाकडं निघायचे आणि तिसऱ्या प्रहरी परत यायचे. किसनच्या बायकोची भाकर सगळीकडून सारखी असते, अशी तक्रार करायचे.

परवा एक नवं बिऱ्हाड घर बघायला आलं होतं. मामा आता पळत नाहीत, हातानं दाखवतात. विहीर एका दमावर, बाजार चार दम, शाळा तीन दम. तो माणूस यंत्रावर काम करणारा होता, त्यानं विचारलं, नदीपलीकडची जिनिंगची चाळ किती लांब पडेल?

मामांनी पुलाकडं पाहिलं.

“ते मी मोजलं न्हाई,” ते म्हणाले. “जवळच हाय.”